गाडीला जादा दिवे बसवताना वॉरंटीचा हिशेब

पावसाळ्याच्या रात्री ताम्हिणी किंवा माळशेज घाट उतरलेल्या माणसाला कंपनीचे दिवे कुठे कमी पडतात हे वेगळे सांगावे लागत नाही. वळणावर उजेड सरळ दरीत जातो आणि गाडी ज्या बाजूला वळवायची ती बाजू काळोखात राहते. डांबर ओले असेल तर रस्त्यावर पडलेला उजेडही पुढे निघून जातो, डोळ्यांपर्यंत परत येत नाही. कच्च्या वाटेला लागल्यावर तर खड्डा कोणता आणि नुसती सावली कोणती हेच उमगत नाही. त्यातून २०२० साली आलेल्या तीन दारांच्या थारला हॅलोजनचे दिवे आहेत, जिम्नीच्या खालच्या श्रेणीलाही हॅलोजनच आहेत, आणि ज्यांच्या गाड्यांना कंपनीचेच एलईडी आहेत ते सगळे समाधानी असतात असेही नाही. चार-बाय-चार गाडी घेतलेला माणूस त्यामुळे लवकरच दिव्यांच्या दुकानाकडे वळतो, आणि दुकानात शिरण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतो : दिवे बदलले तर वॉरंटी जाते का?

या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे मिळतात. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगतात की बाहेरची एक वायर जरी लावली तरी गाडीची वॉरंटी संपली. दुकानदार सांगतो की काही होत नाही, सगळेच लावतात. माझ्या मते दोघेही चुकीच्या गोष्टीकडे बोट दाखवतात. वॉरंटीच्या दृष्टीने दिवा कोणता लावला याला फारसे महत्त्व नाही. त्या दिव्याची वीज कुठून घेतली आणि ती घेताना गाडीच्या मूळ वायरिंगला हात लागला की नाही, यावर जवळजवळ सगळे अवलंबून असते.

आधी वॉरंटीची पुस्तिका काय म्हणते ते पाहू, कारण ती वाचणारे फार थोडे. नव्या गाडीची वॉरंटी म्हणजे माल किंवा बनावट यांत दोष असल्यामुळे एखादा भाग ठरलेल्या मुदतीत निकामी झाला तर तो भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे वचन. त्याला अपवाद असतात, आणि त्यांत कंपनीने मान्य न केलेले सुटे भाग, गाडीत केलेले फेरफार आणि त्यांच्यामुळे झालेले नुकसान यांचा उल्लेख बहुतेक पुस्तिकांत असतो. बल्ब, फ्यूज, वायपरचे रबर असल्या झिजणाऱ्या वस्तू मुळातच वॉरंटीत येत नाहीत. बॅटरी आणि टायर यांची हमी त्यांच्या त्यांच्या कंपन्यांची असते. म्हणजे हॅलोजन हेडलॅम्पमधला जो एच४ प्रकारचा बल्ब काढून टाकल्यामुळे वॉरंटी जाईल अशी भीती घातली जाते, तो बल्ब वॉरंटीत नव्हताच. संपूर्ण हेडलॅम्प काढून बाहेरचा बसवला तर त्या हेडलॅम्पवरचा हक्क संपतो, हेही उघड आहे. खरा वाद सुरू होतो तो या दोहोंच्या पुढे, म्हणजे दिव्यामुळे वायरिंग, फ्यूज बॉक्स किंवा गाडीच्या विद्युत यंत्रणेचे नियंत्रण करणारा बीसीएम बिघडला असा आरोप होतो तेव्हा.

माझ्या एका मित्राच्या गाडीचे प्रकरण मी जवळून पाहिले. गाडीचे आणि सर्व्हिस सेंटरचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण हाच प्रकार कोणत्याही गाडीच्या बाबतीत घडू शकतो. त्याने पुढच्या बंपरवर एलईडीचा बार, म्हणजे दिव्यांची लांब पट्टी, लावून घेतला होता आणि इलेक्ट्रिशियनने त्याच्या रिलेला (म्हणजे अल्प प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह सोडणाऱ्या विद्युत स्विचला) इशारा देणारी वायर पार्किंग लाइटच्या वायरवरून घेतली होती. दोन पावसाळ्यांनंतर उजव्या बाजूचे दिवे मधूनच बंद पडू लागले आणि मीटरवर इशारे उमटू लागले. सेंटरमध्ये मडगार्डच्या आतले प्लॅस्टिक काढल्यावर जे दिसले ते पाहण्यासारखे होते. मूळ वायरीवर निळ्या प्लॅस्टिकची एक चिमटी दाबून बसवलेली होती. ती चिमटी वायरचे आवरण आतल्या पात्याने चिरते आणि तांब्याला टेकते, त्यामुळे सोल्डरिंगची कटकट वाचते. पण चिरलेल्या जागेतून पाणी शिरत राहते. वरून गुंडाळलेल्या टेपचा डिंक उन्हाने वितळून ओघळला होता आणि त्याखालचे तांबे हिरवे पडले होते. हा हिरवा गंज आवरणाच्या आत बोटभर पसरलेला होता. सर्व्हिस अॅडव्हायझरने मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, “सर, बाहेरून वायरिंग झालंय, हे क्लेममध्ये बसणार नाही.” बीसीएम आणि त्या बाजूच्या वायरिंगचा खर्च मित्रालाच द्यावा लागला, आणि खरे सांगायचे तर तिथे भांडायला जागाच नव्हती. बिघाड आणि जोड एकाच वायरीवर होते.

त्याच भेटीत दुसरी गोष्ट घडली, आणि मला ती जास्त बोलकी वाटते. मागच्या डिफरन्शिअलचे, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचे, ऑइल सील पाझरत होते. अॅडव्हायझरने तोही क्लेम त्याच दमात नाकारला, कारण गाडी ‘मॉडिफाइड’ म्हणून सिस्टीममध्ये नोंदली गेली होती. मित्र आवाज न चढवता म्हणाला, “बार लाइटमुळे मागचं सील कसं गेलं, तेवढं जॉब कार्डवर लिहून द्या, मी सही करतो.” असे काही लिहून देणे कोणालाही शक्य नव्हते. प्रकरण वरच्या माणसाकडे गेले आणि पुढच्या आठवड्यात सील वॉरंटीतून बदलून मिळाले. तीच गाडी, तोच बार, पण एक नकार टिकला आणि दुसरा टिकला नाही, कारण पहिल्यात दिव्याचा बिघाडाशी संबंध दाखवता येत होता आणि दुसऱ्यात येत नव्हता.

या फरकाला कायद्याचा आधार किती, हे पाहू लागल्यावर इंटरनेटवर पहिल्यांदा भेटतो तो अमेरिकेचा १९७५ सालचा मॅग्नसन-मॉस कायदा. परदेशी व्हिडिओंमध्ये त्याचे नाव इतक्या ठामपणे घेतले जाते की आपल्याकडचे लोकही सर्व्हिस सेंटरमध्ये त्याचा हवाला देतात. तो भारतात लागू नाही. आपल्याकडे त्या तोडीचा स्वतंत्र कायदा नसला तरी भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेला आदेश या संदर्भात वाचण्याजोगा आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल आयोगाने त्यात चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला, आणि त्याबरोबरच असे बजावले की स्वतंत्र गॅरेजमधून काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही; बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलात गेले. शिवाय तो आदेश दुरुस्तीविषयी आहे, हौसेने केलेल्या फेरफारांविषयी नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा दिव्यांना लावता येतो असा दावा मी करणार नाही. पण ‘तेवढ्यापुरतीच’ ही त्यातली कल्पना ग्राहकाच्या कामाची आहे.

बाकी नेहमीचा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाच आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि वस्तूची किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तिथे कागद बोलतो. क्लेम नाकारला असेल तर त्याचे कारण लेखी, किमान ई-मेलवर, मागून घ्यावे. ‘मॉडिफिकेशन’ या एका शब्दावर समाधान मानू नये. कोणता भाग, कशामुळे बिघडला आणि दिव्याचा त्याच्याशी संबंध कसा जोडला, एवढे तरी त्यात असले पाहिजे.

आता वायरिंगकडे. जुन्या जीपमध्ये दिव्याची वीज बॅटरीतून स्विचमध्ये आणि स्विचमधून बल्बमध्ये, अशी सरळ जात असे. तिथे कोणीही, कुठेही जोड मारला तरी फार तर फ्यूज उडायचा. आजच्या गाडीत स्विच फक्त बीसीएमला निरोप देतो, आणि बीसीएम आपल्या इलेक्ट्रॉनिक घटकांतून दिव्याला वीज सोडतो. ती सोडताना किती प्रवाह जातो आहे यावर त्याचे लक्षही असते. अपेक्षेपेक्षा कमी प्रवाह गेला तर बल्ब गेला असे समजून तो मीटरवर इशारा देतो, आणि जास्त गेला तर ते सर्किट बंद करतो. बऱ्याच गाड्यांत ही वीज अखंड न जाता सेकंदाला शेकडो वेळा तुटत-जुळत जाते. हॅलोजनची तार तापलेली असल्यामुळे तिला याचा पत्ता लागत नाही, पण स्वस्त एलईडी बल्ब मात्र लुकलुकू लागतो. मग दुकानदार बीसीएमला हॅलोजनच लावला आहे असे भासवणारा ‘डिकोडर’ लावून देतो, ज्याच्या आत अनेकदा एक रेझिस्टर असतो आणि वाचवलेली वीज तो उष्णतेत घालवतो. प्लॅस्टिकच्या नळीला चिकटवून ठेवलेला तापलेला रेझिस्टर बॉनेटखाली कोणाला हवा असतो, हे मला अजून समजलेले नाही.

जास्त वॅटचे हॅलोजन हा दुसरा लोकप्रिय उपाय. कंपनीचा एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे अप्परला साधारण पाच अँपिअर. बाजारात मिळणारा १००/९० वॅटचा बल्ब आठ अँपिअरच्या वर घेतो. मूळ वायर, होल्डर आणि त्यामागचे सर्किट पाच अँपिअरच्या हिशेबाने केलेले असते. पांढरा होल्डर आधी पिवळा, मग तपकिरी होतो, त्याच्या पिना सैल पडतात, आणि रिफ्लेक्टरचा चकचकीत लेप काळवंडू लागल्यावर जास्त वॅटचा बल्ब पहिल्या बल्बपेक्षा कमी उजेड देतो. इथे वॉरंटी नाकारली गेली तर मला कंपनीची बाजू बरोबर वाटेल.

एलईडी बल्ब हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये घालण्यालाही माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण वॉरंटीच्या पलीकडचे आहे. एच४ बल्बमध्ये दोन तारा असतात आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. तीच समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जाणारा उजेड अडवते. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेची जागा धरूनच ठरवलेला असतो. एलईडीच्या चिपा त्याच जागी, त्याच मापात बसत नाहीत, आणि बसल्या नाहीत की प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी चहूकडे उधळतो. चालवणाऱ्याला समोर पांढरेशुभ्र दिसते म्हणून तो खूश असतो, पण त्यातला बराचसा उजेड जवळच्या दहा-पंधरा मीटरमध्ये सांडलेला असतो, आणि जवळचे जितके उजळ तितके डोळ्याला लांबचे कमी दिसते.

मूळ बल्ब ठेवूनच उजेड वाढवायचा असेल तर रिलेचा तयार वायरिंग संच हा सगळ्यांत स्वस्त आणि प्रामाणिक उपाय आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात न बदलता त्याहून फार वेगाने बदलतो : व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. लांबच्या, बारीक वायरीतून आणि जुन्या होल्डरमधून बल्बपर्यंत पोचताना एखादा व्होल्ट गळत असेल, तर तो वाचवणे म्हणजे नवा दिवा घेतल्यासारखेच आहे. असा संच गाडीच्या मूळ होल्डरमध्ये खटकन बसतो, मूळ होल्डर फक्त रिलेला इशारा देतो आणि बल्बची वीज थेट बॅटरीतून येते. एकही वायर कापावी लागत नाही, आणि काढल्यावर मागे काही उरत नाही. मात्र बल्बवर पाळत ठेवणाऱ्या बीसीएमला रिलेचा अल्प प्रवाह ‘बल्ब गेला’ असा वाटू शकतो, त्यामुळे नव्या गाडीत तो कायमचा बसवण्यापूर्वी तात्पुरता जोडून पाहावा.

जादा दिव्यांसाठीही नियम हाच : त्यांचे सर्किट गाडीच्या सर्किटपासून पूर्ण वेगळे असावे आणि कोणतीही खूण न ठेवता काढता यावे. बॅटरीच्या धन टोकावरून निघालेल्या वायरीवर वीतभर अंतराच्या आतच फ्यूज असला पाहिजे, कारण फ्यूज वायरीचे रक्षण करतो आणि फ्यूजच्या अलीकडची वायर उघडीच राहते. तिथून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला, आणि ८७ वरून दिव्याला. ८५ आणि ८६ या पिना रिलेच्या कॉइलच्या, ज्यांतून जाणारा प्रवाह एका अँपिअरच्या पाचव्या हिश्शाहून सहसा जास्त नसतो. वायरीच्या जाडीत कंजुषी करू नये. १२० वॅटचा बार दहा अँपिअर घेतो. बॅटरीपासून बार चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर तांबे होते, आणि एक चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेवढ्या अंतरात जवळजवळ दीड व्होल्ट वाया जातो. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत हाच आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतो. दुकानात बारसोबत डब्यात मिळणारी वायर यांपैकी कोणती आहे, हे ती हातात घेतल्यावरच कळते.

दोन बारकाव्यांकडे चांगले इलेक्ट्रिशियनही कधी कधी दुर्लक्ष करतात. अलीकडच्या अनेक गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर एक सेन्सर असतो, जो बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरला किती काम करायचे ते ठरवायला मदत करतो. जादा दिव्यांचे अर्थिंग थेट त्या टोकावर आवळले तर दिव्यांनी घेतलेला प्रवाह सेन्सरच्या हिशेबातून सुटतो. अर्थिंग बॉडीच्या मूळ अर्थ-बोल्टवर घेतले की ही भानगड उरत नाही. दुसरा बारकावा रिलेला इशारा देणाऱ्या वायरीचा. बहुतेक जण ती अप्परच्या वायरीवरून घेतात, आणि तिथेच निळी चिमटी येते. मला स्वतःला वेगळा स्विच आणि त्याची वीज फ्यूज बॉक्समधल्या, चार्जिंग सॉकेटच्या फ्यूजच्या खाच्यातून, फ्यूजसह बसणाऱ्या अडॅप्टरने घेणे पसंत आहे. किल्ली काढली की तो खाचा बंद होत असेल तर दिवे चालू राहून बॅटरी उतरत नाही, आणि सर्व्हिसला जाताना अडॅप्टर काढून मूळ फ्यूज परत बसवता येतो. दिवे लपवून ठेवावेत असा याचा अर्थ नाही. बार लावलेला सगळ्यांना दिसतोच. मूळ वायरिंग शाबूत आहे हे दाखवता यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

वायरीच्या खालोखाल वादाचे कारण म्हणजे भोके. बंपरमध्ये, बॉनेटच्या कडेला किंवा काचेच्या खांबावर पाडलेले भोक कोकणच्या हवेत किती लवकर गंजते हे मालवण-रत्नागिरीच्या गाडीवाल्यांनी सांगावे, आणि त्या पत्र्याच्या गंजाचा क्लेम मग कोण मान्य करील? मूळ बंपर बदलून लोखंडी बंपर लावणे तर दिव्यांपेक्षा फार मोठा फेरफार आहे, कारण धडकेचे सेन्सर आणि एअरबॅग उघडण्याचा हिशेब त्याच्याशी जोडलेला असतो. ज्या गाड्यांत समोर रडार आणि काचेमागे कॅमेरा आहे, उदाहरणार्थ एडास (चालकाला मदत करणारी यंत्रणा) असलेली थार रॉक्स, त्यांच्या पुढच्या जाळीवर बार आडवा बसवला तर रडारची वाट आणि रेडिएटरची हवा असे दोन्ही अडू शकते. अशा गाडीत दिवा कुठे बसवायचा हे आधी कंपनीच्या अॅक्सेसरीच्या यादीत पाहावे.

या यादीविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. शोरूममध्ये बसवलेली प्रत्येक वस्तू कंपनीची नसते. यादीतल्या अधिकृत दिव्याला पार्ट नंबर असतो आणि त्याची स्वतःची हमी असते, जी बहुधा गाडीच्या हमीपेक्षा कमी मुदतीची असते. डीलरने आपल्या ओळखीच्या पुरवठादाराकडून आणून शोरूमच्या मागच्या शेडमध्ये बसवलेला दिवा बाहेरच्या दिव्याइतकाच परका असतो. फरक एवढाच की तो बसवणारा आणि पुढे क्लेम नाकारणारा एकच. त्यामुळे बिलावर पार्ट नंबर, आणि काम कोणी केले याची जॉब कार्डवर नोंद, या दोन गोष्टी पैसे देण्यापूर्वी मागाव्यात. बाहेरून काम करून घेतले तरी पक्के बिल घ्यावे आणि वायरिंगचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवावेत. पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, पक्के बिल मागितले की दुकानदार क्षणभर आपल्याकडे पाहत राहतो, पण देतो.

वॉरंटीचा आणि आरटीओचा प्रश्न लोक एकमेकांत मिसळतात. कंपनीने मान्य केलेला दिवा रस्त्यावर लावायला मोकळीक आहे असे होत नाही, आणि कायद्यात बसणारा दिवा वॉरंटीत बसेलच असेही नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बेकायदा फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दिव्यांचा उल्लेख नोंदणीपत्रात नसतो, तेव्हा कलम ५२ दिव्यांना लागत नाही असा युक्तिवाद काही जण करतात. त्यात तथ्य असेलही, पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधून सुटका नाही. नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला हवा, इतका की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. नियम १११ तर, अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेतल्याखेरीज, वाहनाच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बाळगण्यालाच मनाई करतो. नियमात बाळगणे म्हटले आहे, पेटवणे नव्हे, त्यामुळे बारवर काळे झाकण घातले की काम भागले ही समजूत फार भरवशाची नाही. झाकण घालण्याची सवय चांगलीच आहे, निदान आपल्याला ते काढायला खाली उतरावे लागते आणि तेवढ्यात आपण हमरस्त्यावर आहोत हे ध्यानात येते.

टपावरच्या बारचे मला कधीच आकर्षण वाटले नाही. धुक्यात तो कुचकामी असतो, कारण डोळ्यांच्या वरून निघालेला झोत धुक्याच्या थेंबांवर आपटून थेट डोळ्यांत परततो, आणि कोरड्या हवेत तो बॉनेट इतके उजळवतो की डोळ्याची बाहुली आकसते. आंबोलीच्या धुक्यात कामाला येतो तो बंपरच्या खालच्या बाजूला बसवलेला, रुंद झोताचा आणि वर स्पष्ट कापलेल्या उजेडाचा फॉग लॅम्प. रंग पिवळा की पांढरा यावर लोक तावातावाने भांडतात. माझ्या अनुभवात दिव्याची उंची आणि झोताची वरची कड यांनी जास्त फरक पडतो. असे दिवे कंपनीच्याच जागी, कंपनीच्याच मापाचे बसवता येतात, म्हणजे भोकही नाही आणि वायरही कापायची नाही. पाणी ओलांडणाऱ्या गाडीला दिवा निदान आयपी६७ दर्जाचा हवा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. पण तापलेला हॅलोजन दिवा थंड ओढ्यात बुडवला तर काचेला तडा जाऊ शकतो, आणि त्या तड्यावर कोणतीही हमी लागू होत नाही.

एवढे सगळे करण्यापूर्वी आहे त्याच दिव्यांचा रोख तपासावा, असा माझा आग्रह असतो. सस्पेन्शन उंच केले, मोठे टायर घातले किंवा मागे सामान भरले की दिव्यांचा रोख बदलतो. सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून डिपरची कड पाहिली की स्थिती कळते. झोताला साधारण एक टक्का उतार हवा, म्हणजे १० मीटरवरच्या भिंतीवर ती कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. हे काम सर्व्हिस सेंटरमध्येही करून मिळते आणि त्याची नोंद जॉब कार्डवर राहते, जी पुढे उपयोगी पडू शकते.

विम्याचे थोडक्यात सांगतो. जादा दिवे ही गाडीची मूळ वस्तू नसल्याने ते पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात. विद्युत उपकरणांसाठी पॉलिसीला जोडायचे आयएमटी २४ हे कलम आहे आणि जुन्या टॅरिफप्रमाणे त्याचा हप्ता वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के होता. रक्कम किरकोळ असते. आग लागल्यानंतर सर्व्हेअर वायरिंग उकलत बसतो तेव्हा ‘दिवे जाहीर केले होते’ एवढे वाक्य आपल्याजवळ असणे मोलाचे ठरते.

वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर तिचा विचार दिव्यांच्या आधी करावा. ती मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी घ्यावी लागते, उशिरा घेतल्यास गाडीची तपासणी होऊ शकते, आणि तिच्या अटी मूळ पुस्तिकेतल्या अटींपेक्षा वेगळ्या, बऱ्याचदा कडक असतात. मी माझ्या गाडीसाठी ती आधी घेतली, अटींतले फेरफाराचे कलम वाचले, आणि मगच फॉग लॅम्प बसवले. संपूर्ण हेडलॅम्प बदलण्याचे काम ती मुदत संपेपर्यंत पुढे ढकलले आहे. मूळ बल्ब, मूळ फॉग लॅम्प आणि त्यांचे स्क्रू एका डब्यात, बिलासह, माळ्यावर ठेवले आहेत.